स्टाफ एकाच वेळी दोन खुंट्यांवर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत काळाविषयी अर्धे पान लेख आला आहे. क्वांटम विज्ञानाने, म्हणजे अणू-कणांच्या विज्ञानाने, आइनस्टाइनचा काळ मोडीत काढला, काळ हा निव्वळ भ्रम असल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले, अशा अर्थाचा त्याचा मथळा. माझी नात कोल्हापूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. तिने सकाळी सातलाच पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "आबा, आधी चहा घ्या, मग वाचा." मी उलटे केले. चहा गार झाला.

मी शास्त्रज्ञ नव्हे. पाटबंधारे खात्यात ३४ वर्षे नोकरी केली. त्यातली पहिली अकरा वर्षे डंपी लेव्हल (पातळी पाहायची दुर्बीण), तिवई आणि स्टाफ (आकडे घातलेली उभी मोजपट्टी) घेऊन कालव्यांच्या आखणीत गेली. शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. तेव्हा हे पत्र काळाबद्दल असले तरी मी बोलणार उंचीबद्दल. उंची आणि काळ हे दोन वेगळे विषय नाहीत हे मला साठी उलटल्यावर कळले. लेखकाला ते अजून कळलेले दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेखात म्हटले आहे की विमानात ठेवलेले घड्याळ जमिनीवरच्या घड्याळाच्या मागे पडते. अर्धे खरे. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग या दोघा अमेरिकनांनी सिझियमची चार आण्विक घड्याळे प्रवासी विमानांत घालून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. पूर्वेकडे गेलेली घड्याळे सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली. पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली! नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. पुढे का गेली, तर वेगाने घड्याळ मंदावते पण उंचीवर ते जलद चालते, आणि पश्चिमेकडे उडणारे विमान पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट जात असल्याने त्याचा मंदावण्याचा हिस्सा कमी पडतो. आइनस्टाइनच्या सापेक्षतेचे दोन भाग आहेत, १९०५ चा वेगाचा आणि १९१५ चा गुरुत्वाकर्षणाचा. लेखकाने पहिला वाचून पुस्तक मिटले असावे.

हा दुसरा भाग आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. जीपीएसच्या उपग्रहातले घड्याळ उंचीमुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते, वेगामुळे ७ मागे येते, म्हणजे निव्वळ ३८ पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो. म्हणून ही घड्याळे वर पाठवण्याआधीच मुद्दाम जराशी हळू लावून ठेवतात. आपल्या देशाच्या जीपीएससारख्या 'नाविक' उपग्रहांनाही हाच हिशोब लागू आहे. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये तर रुबिडियमचे घड्याळही आपल्याकडे बनवलेले आहे. त्या दिवशी मी घरात पेढे वाटले. बायको म्हणाली, कोणाचे काय झाले? मी म्हटले, घड्याळ झाले.

आता उंची. आम्ही बेंचमार्कवर, म्हणजे उंची आधीच माहीत असलेल्या खुणेवर, स्टाफ धरायचो, लेव्हलमधून त्याचे वाचन (बॅकसाइट) घ्यायचो, मग पुढच्या खुंटीवरचे वाचन (फोरसाइट), वजाबाकी, आणि रकान्यात आर.एल. लिहायचा. समुद्रसपाटीपासून ही खुंटी किती उंच, ते. मेट्रिक स्टाफवर सगळ्यात लहान घर ५ मिलिमीटरचे. कालव्याचा उतार कुठे कुठे ५,००० ला १, म्हणजे किलोमीटरला फक्त २० सेंटिमीटर. एका चारीवर (छोट्या कालव्यावर) आमच्या खलाशाने, म्हणजे स्टाफ धरणाऱ्या मजुराने, खुंटीऐवजी शेजारच्या दगडावर स्टाफ धरला. माझ्याही लक्षात आले नाही आणि तो आकडा पुढच्या सगळ्या खुंट्यांना चिकटला. पाणी सोडले त्या दिवशी ते चारशे मीटर गेले आणि थांबून राहिले, पुढे चढ! उपअभियंत्यांनी सगळ्यांसमोर माझे लेव्हल बुक उघडून वाचले. १९८१ चा उन्हाळा, पण मला ती तारीखही पाठ आहे.

अशा माणसाला पुढील गोष्ट वाचून काय वाटले असेल बघा. टोकियोत स्कायट्री नावाचा मनोरा आहे. हिदेतोशी कातोरी यांच्या गटाने स्ट्राँशियम अणूंवर चालणारी दोन घड्याळे घेतली, एक मनोऱ्याच्या पायथ्याशी ठेवले, दुसरे ४५० मीटर वर. वरचे घड्याळ दिवसाला साधारण सव्वाचार नॅनोसेकंद पुढे गेले. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे दोन घड्याळे जुळवली की त्यांच्यातल्या फरकावरून मनोऱ्याची उंची सांगता येते. तिवई नको, स्टाफ नको, खलाशी नको. महाबळेश्वरच्या माथ्यावर असे घड्याळ ठेवले तर समुद्रसपाटीच्या मानाने ते दिवसाला सुमारे १३ नॅनोसेकंद पुढे जाईल, हे मी स्वतः वहीच्या मागच्या पानावर काढले. उंचीच्या प्रत्येक मीटरला दहा हजार लाख कोटींत एक भाग, इतके सोपे प्रमाण आहे. माणूस ७० वर्षे सतत उभा राहिला तर त्याचे डोके पायांपेक्षा अर्ध्या मायक्रोसेकंदाहूनही कमी म्हातारे होईल. झोपणाऱ्यांचे त्याहून कमी. बदल्यांच्या काळात आम्ही फार उभे राहिलो, त्याचे काय ते वेगळे.

आणि क्वांटम विज्ञानाचे पहिले काम इथे आहे. त्याने काळ मोडला नाही, काळ मोजायचे हत्यार दिले. लंबकाचे घड्याळ सातारचे वेगळे, सांगलीचे वेगळे. कारागिराचा हात, तेल, उन्हाळा, सगळे त्यात उतरते. सिझियमचा अणू मात्र इथला असो की चंद्रावरचा, त्याच्या दोन ऊर्जापातळ्यांमधले अंतर तेच. हे क्वांटमचे देणे. म्हणून १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच त्यावर आहे: सिझियमच्या त्या लहरीची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. स्ट्राँशियमच्या घड्याळात तीच मोजणी दृश्य प्रकाशाच्या लहरींनी होते, सेकंदाला सुमारे ४२९ लाख कोटी वेळा. घरे जितकी बारीक तितके वाचन चोख, हे स्टाफ हातात धरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पुण्यात आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेतही इटर्बियमच्या आयनावर असे प्रकाशीय घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे. आपल्या लेखात त्याचा एका ओळीने उल्लेख आला असता तर शोभले असते.

पण क्वांटम जे देते त्याला मर्यादाही तेच घालते. अणूला "वेळ झाली का?" असे विचारले की तो 'हो' म्हणतो किंवा 'नाही'. 'अर्धी झाली' हे उत्तर त्याच्याकडे नसते. म्हणून पुष्कळ अणूंना विचारायचे आणि किती हो म्हणाले ते मोजायचे. लाख अणू घेतले तर चूक लाखाच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ३१६ पटींनी, उतरते. वर्गमूळ वाचले आणि मला घरी आल्यासारखे वाटले. आमच्या लेव्हलिंगमध्ये क्लोजिंग एरर (फेरी करून पहिल्या खुंटीवर परतल्यावर उरणारा फरक) किती चालेल हे किलोमीटरच्या वर्गमुळावरच ठरते. चार किलोमीटरची फेरी असेल तर एका किलोमीटरच्या दुप्पट चूक माफ, चौपट नाही. चुका काही पुढे, काही मागे पडतात आणि आपापसात खाऊन टाकतात. अणू असोत नाही तर खलाशी, हिशोब तोच.

अमेरिकेत कोलोराडोला 'जिला' (JILA) नावाची संशोधन संस्था आहे. तिथे जुन ये यांच्या गटाने फेब्रुवारी २०२२ मध्ये जे दाखवले ते तर मी नातीकडून तीनदा समजून घेतले. स्ट्राँशियमचे सुमारे लाखभर अणू, निरपेक्ष शून्याच्या (तापमानाच्या शेवटच्या तळाच्या) अगदी जवळ गारठवलेले, लेसरच्या उजेडाने धरून ठेवलेले, सगळा ढग मिळून मिलिमीटरभर उंच. त्या एका ढगात वरच्या अणूंचा काळ खालच्या अणूंपेक्षा पुढे जाताना त्यांना दिसला, आणि आइनस्टाइनच्या हिशोबाशी जुळला. एक मिलिमीटर! माझ्या स्टाफच्या एका घराचा पाचवा हिस्सा.

याचा उपयोग काय, असे आपल्या लेखकाने शेवटी विचारले आहे. पाटबंधारेवाल्याला विचारा. जीपीएस जी कच्ची उंची देते ती एका गुळगुळीत, गणिती लंबगोलापासूनची असते. मुंबईच्या चौपाटीवर उभे राहून पाहिली तर ती उणे येते, पन्नास मीटरांहून जास्त उणे, आणि माणूस मात्र कोरडा उभा असतो. पाणी त्या लंबगोलाला ओळखत नाही. पाणी गुरुत्वाच्या पातळीला ओळखते, जिला आम्ही समुद्रसपाटी म्हणतो. एकीवरून दुसरीत जायला वेगळे नकाशे आणि वेगळी मोजणी लागते. घड्याळाचे तसे नाही. घड्याळ ज्याने पुढेमागे होते ते आणि पाणी ज्याने वाहते ते, एकच. समुद्रसपाटीवरची दोन घड्याळे, एक विषुववृत्तावर आणि एक ध्रुवावर, सारखीच चालतात. विषुववृत्तावर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग जास्त म्हणून घड्याळ मंदावायला हवे, पण पृथ्वी तिथे फुगलेली आहे आणि तो फुगवटा बरोबर तेवढे भरून काढतो. १९०५ मध्ये खुद्द आइनस्टाइनने विषुववृत्तावरचे घड्याळ मागे पडेल असे लिहून ठेवले होते. गुरुत्वाकर्षणाचा भाग त्याला तेव्हा सुचायचा होता. त्याचाही एक आर.एल. चुकला होता, हे कळल्यापासून १९८१ च्या उन्हाळ्याचे मला तितके वाईट वाटत नाही.

इथपर्यंत सगळे मोजलेले आहे. आता जे मोजलेले नाही त्याकडे येतो. लेखाची खरी गफलत तिथे आहे. मोजलेले, गणिताने सांगितलेले आणि नुसते वाटलेले, या तिन्हीची त्यात एकच भाजी केली आहे.

नात दिवाळीला आली होती तेव्हा मी तिला माझी लेव्हल बुके दाखवत होतो. ती म्हणाली, "आबा, समजा स्टाफ एकाच वेळी दोन खुंट्यांवर धरलाय. एक वर, एक खाली. मग काय लिहाल?"

मी म्हटले, "असा खलाशी मी दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नाही."

"अणू धरतो," ती म्हणाली.

क्वांटममध्ये अणू एका जागी किंवा दुसऱ्या जागी असे न राहता दोन्हींच्या सुपरपोझिशनमध्ये राहू शकतो, हे मान्य आणि सिद्ध. २०१५ मध्ये स्टॅनफर्डला रुबिडियमचे अणू ५४ सेंटिमीटर अंतर असलेल्या दोन जागांच्या अशा अवस्थेत सुमारे एक सेकंद ठेवले होते. सापेक्षता म्हणते, वरच्या जागी काळ जलद, खालच्या जागी हळू. मग त्या अणूच्याच पोटात घड्याळ असेल तर त्याची वेळ कोणती? मी म्हटले, सरासरी. दोन वाचने आली की आम्ही सरासरीच काढतो. ती हसली. सरासरी नाही. २०११ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या चौघांनी याचे गणित मांडले. दोन वाटांनी गेलेला कण पुन्हा एकत्र आला की पट्टे दिसतात, उजेड-अंधार, उजेड-अंधार. पण कणाच्या पोटातले घड्याळ वरच्या वाटेवर एक वेळ आणि खालच्या वाटेवर दुसरी वेळ दाखवत असेल, तर ते घड्याळच चुगली करते की कण कुठून आला. चुगली झाली की पट्टे पुसट होतात. वेळा पुरत्या वेगळ्या झाल्या की पट्टे नाहीसेच. म्हणजे एका कणाने दोन वेगवेगळे काळ एकदम अनुभवले याची खूण ते पट्टे पुसले जाण्यात मिळेल. २०२० मध्ये अलेक्झांडर स्मिथ आणि मेहदी अहमदी यांनी उंचीऐवजी वेगाचा असाच हिशोब केला. दोन वेगांच्या सुपरपोझिशनमधले घड्याळ सरासरीहून थोडी वेगळी वेळ दाखवेल, असे त्यांचे गणित सांगते.

हे झाले आहे का? नाही. का नाही, तेही हातावर गणित करून कळते. स्ट्राँशियमसारख्या अणूच्या घड्याळाने पट्टे पूर्ण पुसायचे तर मीटरभर उंचीचे अंतर दहा-अकरा सेकंद टिकवावे लागेल. स्टॅनफर्डला अंतर अर्धा मीटर मिळाले, वेळ एक सेकंद, आणि त्या अणूंत घड्याळ चालू नव्हते. बर्कलेत २०१९ मध्ये वेळ २० सेकंद मिळाली, पण दोन जागांमधले अंतर केसाच्या जाडीहूनही कमी. एकाकडे अंतर, दुसऱ्याकडे वेळ. दोन्ही एकाच टेबलावर अजून कोणाला आणता आलेली नाहीत. येतील, असे नातीचे मत आहे. ती तिशीत असेल तोवर येतील, असे म्हणते. मला त्या हिशोबात किती सेकंद उरलेत ते मी तिला सांगितले नाही.

लेखक मात्र हे झाल्यासारखेच लिहितात.

आता 'काळ हा भ्रम' याकडे. त्याचे मूळ १९६७ च्या एका समीकरणात आहे. जॉन व्हीलर आणि ब्राइस डिविट यांच्या नावाने ते ओळखले जाते. सापेक्षता आणि क्वांटम यांची मोट बांधायला गेले की विश्वाचे जे समीकरण मिळते त्यात काळ हा रकानाच नसतो. अडचण खरी आहे आणि जुनी आहे. क्वांटममध्ये काळ बाहेरून येतो, भिंतीवरच्या घड्याळासारखा. सापेक्षतेत भिंतच नाही, ज्याचे त्याचे घड्याळ ज्याच्या त्याच्या वाटेवर. विश्वाच्या बाहेर घड्याळ टांगायला खिळा कुठे ठोकणार? १९८३ मध्ये डॉन पेज आणि विल्यम वूटर्स यांनी सुचवले की विश्वाच्या एका तुकड्याला घड्याळ माना, बाकीचा तुकडा त्याच्या संगतीने बदललेला दिसेल, जरी एकूण विश्व स्थिर असले तरी. २०१३ मध्ये इटलीत तुरिनला गुंफलेल्या दोन प्रकाशकणांवर या कल्पनेचे प्रात्यक्षिक झाले. एक कण घड्याळ, दुसरा विश्व. सुंदर आहे. पण ते प्रात्यक्षिक आहे. शाळेत नारळ आणि मेणबत्ती घेऊन ग्रहण दाखवतात तसे. नारळावर सावली पडली म्हणून पुढच्या अमावास्येला ग्रहण सिद्ध होत नाही. आपल्या मथळ्यातले 'सिद्ध झाले' बहुधा इथून आले असावे.

याच गाठीवर ज्यांनी आयुष्य घातले त्यांत शिरपूरला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर आहेत. आइनस्टाइनची समीकरणे १९८६ मध्ये त्यांनी नव्या चलांत मांडली आणि त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी ही शाखा उभी राहिली. धुळे जिल्ह्यातल्या गावाचा माणूस विश्वाच्या घड्याळाशी झटतो आहे, आणि मराठी वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात त्याला जागा मिळत नाही. परदेशी वृत्तसंस्थेचा मजकूर घाईने मराठीत उतरवला की असे होते.

लेखक तरुण असावेत आणि त्यांना विषयाची ओढ आहे हे दिसते, म्हणून राग धरत नाही. उलट त्यांनी नातीशी बोलावे. ती चिडत नाही, माझ्यासारखी.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. एवढेच हवे: पश्चिमेकडे गेलेली घड्याळे पुढे गेली, मागे पडली नाहीत, दोन उंचींवर एकाच वेळी असलेल्या घड्याळाचा प्रयोग अजून झालेला नाही, आणि काळ भ्रम असल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही. कंपोझ झाल्यावर आकडे कृपया मूळ पत्राशी ताडून पाहावेत. नॅनो आणि मायक्रो यांत हजाराचा फरक आहे. मागच्या उन्हाळ्यात कालव्याच्या आवर्तनावरचे माझे पत्र आपण छापलेत त्याबद्दल आभारी आहे, पण त्यात 'क्युसेक'चे (सेकंदाला घनफूट) 'क्युमेक' (सेकंदाला घनमीटर) झाले आणि आमच्या कालव्यात पाणी पस्तीस पट वाढले. दोन शेतकरी पत्र घेऊन घरी आले होते.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
कराड